पिशवीत दोष नव्हता

नोकरीच्या शेवटच्या वर्षांत आमचे सर अमरावतीच्या बाजारात पिशव्या तपासत हिंडायचे. दुधाची पिशवी, वेफर्सचं चंदेरी पाकीट, लग्नात मिळालेली अहेराची चकचकीत थैली, दवाखान्यामागे टाकलेली सलाईनची पिशवी, काही म्हणजे काही सोडत नसत. हातात घ्यायचे, उजेडात धरायचे, तोंडाला लावून फुगवायचे, कानाशी दाबून हवा सुटते का ऐकायचे. किराणा दुकानदार त्यांना पाहिलं की हसून म्हणत, "या मास्तर, नवीन माल आला." पोरं तर मागे लागत. त्यांच्या कॉलेजातल्या एका तरुण प्राध्यापक बाईंनी मला एकदा कळवळून विचारलं होतं, "सरांना काही झालंय का हो?" मी म्हणालो, "वय झालं, दुसरं काय."

सरांना काहीच झालेलं नव्हतं. ते हवा न पिणारी पिशवी शोधत होते. आपल्या पिशवीत दोष आहे, असा त्यांचा पक्का समज झाला होता. पिशवीत दोष नव्हता, हे त्या अख्ख्या शहरात एकट्या मला ठाऊक होतं आणि मी ते त्या सहा वर्षांत सांगितलं नाही, पुढेही नाही. हे लिहितानाही माझी मान वर होत नाही.

त्याच्या आधीचे सर सांगायला हवेत.

ते आम्हाला एम.एस्सी.ला भौतिकशास्त्र शिकवत आणि हजेरी वासावरून घेत. वर्गाच्या दारात उभे राहायचे. आत शिरणाऱ्या प्रत्येक मुलाने तोंड उघडून "हाऽ" करायचं. सर डोळे मिटून सांगत, "ठेचा-भाकर. जाय बस." "बिडी. बापाची चोरली काय बे?" "तू उपाशी आहे. आधी कँटीनमधून पोहे खाऊन ये, मग बस." मुलींच्या वेळी ते दाराकडे पाठ करून उभे राहत, कोणाच्या जवळ जात नसत. कोणी बाई 'नाही' म्हणाली की तो विषय सरांच्या लेखी संपला. पण पाठ फिरवलेली असतानाही एकदा म्हणाले होते, "आता जे कोणी गेलं, तिले ताप आहे. घरी पाठवा." ती मुलगी पुढे पंधरा दिवस टायफॉइडने पडून होती. तेव्हापासून त्यांना कॉलेजात 'हुंग्या सर' म्हणत. त्यांना ते नाव माहीत होतं आणि बहुतेक आवडतही होतं.

एवढं करामती नाक म्हटल्यावर ते चांगलं लांबलचक असेल असं कोणालाही वाटेल. सरांचं नाक बसकं होतं, चेहऱ्यावर कोणीतरी अंगठ्याने दाबून बसवल्यासारखं. म्हणून त्यांनी बनवलेल्या यंत्राचं नाव त्यांनीच 'नकटी' ठेवलं. "माह्यावर गेली," म्हणत.

नकटीच्या खोलीत शिरायचे नियम कडक होते. केसांना तेल नाही, वासाचा साबण नाही, पावडर नाही. सर स्वतः रिठ्याने कपडे धूत आणि त्यांचा शर्ट नेहमी ओलसर दिसे. शारदोत्सवात कोणी उदबत्ती लावली तर धावत जाऊन विझवत. सख्ख्या भाचीच्या लग्नात दारात अत्तर शिंपडत होते म्हणून हा माणूस मांडवाबाहेर रस्त्यावर उभा राहिला आणि तिथूनच अक्षता टाकल्या. भाची अजून रागावलेली आहे म्हणतात.

दुसरी त्यांची ख्याती म्हणजे ग्रेस मार्क. ते त्यांनी आयुष्यात कोणाला दिले नाहीत. प्राचार्यांच्या पुतण्याला एका मार्काने नापास केलं तेव्हा प्राचार्य स्वतः प्रयोगशाळेत आले. सर म्हणाले, "त्याले एक मार्क कमी आहे जी. म्या देल्ला तं तो माहा होईन, त्याचा थोडीच होईन?" पुन्हा तोंडी परीक्षा घ्या म्हणावं तर सरांचं ठरलेलं वाक्य होतं, "परीक्षा एकदाच होते. दुसऱ्यांदा होते तो सराव."

नकटी म्हणजे पत्र्याची एक पेटी. आत चिनी मातीच्या सहा चकत्या, त्यांच्यावर सरांनी स्वतः घोटलेल्या कथिलाच्या लेपाचे थर. हा लेप भट्टीत भाजायचं काम आमचे प्रयोगशाळेतले रहीमचाचा करत. चकत्या तापल्या की त्यांच्यावरून श्वास सोडायचा. श्वासात जे काही असेल त्याप्रमाणे प्रत्येक चकतीतून जाणारी वीज कमी-जास्त होई आणि पेन कागदाच्या पट्टीवर सहा रेषा काढी. सरांचं म्हणणं असं, की छातीत रोग असला की श्वासाचा वास बदलतो. आपल्या नाकाला तो कळायला फार उशीर होतो, नकटीला लवकर कळेल.

सुरुवातीला जत्रेतले फुगे वापरून श्वास गोळा केला. महिनाभराने कळलं की नकटी आजारी माणूस ओळखत नसून लाल फुगा ओळखते आहे. सर त्या दिवशी इतके हसले की खुर्चीतून पडले. मग सलाईनच्या रिकाम्या पिशव्या आणल्या, धुऊन, वाळवून. त्या मात्र जमल्या. दवाखान्यातल्या छातीच्या वॉर्डातून सर डॉक्टरांच्या परवानगीने पिशव्या भरून आणायचे, सायकलच्या हँडलला लटकवून. त्या रुग्णांच्या तिसऱ्या आणि पाचव्या रेषेला एक पोक यायचं. आमच्यासारख्या निरोगी माणसांच्या रेषा सरळ उतरायच्या. मी तेव्हा एम.एस्सी. करून सरांच्या हाताखाली संशोधनाला लागलो होतो. रोज सकाळी दहा वाजता मी नकटीत श्वास सोडायचा आणि ती निरोगी माणसाची रेष म्हणून भिंतीला टाचायची. माझ्या तसल्या पट्ट्यांनी अर्धी भिंत भरली होती.

हे सगळं कशासाठी, ते सरांनी एकदाच सांगितलं. त्यांची मोठी बहीण खोकून खोकून गेली होती. दवाखान्यात तिच्या हातात डबी दिली आणि खाकरून बेडका काढायला सांगितलं. समोर चार बाप्ये बसलेले. "माही बाई लाजली रे. डबीत निस्ती थुंकी देऊन आली. रिपोर्ट आला, काही दोष नाही. सहा महिन्यांत गेली." मग बराच वेळ ते चकतीवर फुंकर घालत बसले. "बेडका मागतला का माणूस लाजते. श्वास मागतला तं कोणाले लाज वाटीन सांग?"

मी मान डोलावली होती.

आता माझ्याबद्दल. बार्शीटाकळीजवळ आमची चार एकर कोरडवाहू जमीन होती. ती वर्षं कापसाला वाईट होती, पेपर उघडावासा वाटत नसे. आधी आमची जमीन मक्त्याने, म्हणजे खंडाने दिली, मग विकली. आई-बाबा अकोटला येऊन राहिले. बाबा एका अडतीच्या दुकानात हमालीला लागले आणि आई जिनमध्ये, म्हणजे कापसातली सरकी काढतात त्या कारखान्यात. पूर्वी आमचा कापूस बैलगाडीतून ज्या फाटकातून आत जायचा, त्याच फाटकाच्या आत आई आता जमिनीवर बसून दुसऱ्यांच्या कापसातला कचरा वेचायची.

अमरावतीत मी हे कोणाला सांगितलं नव्हतं. घरचं विचारलं की म्हणायचो, "परतवाड्याकडे संत्र्याचा बगीचा आहे." का म्हणालो पहिल्यांदा, आठवत नाही. होस्टेलवर सगळे कुठल्या ना कुठल्या बगीच्याचे होते. पण सरांनी ते ऐकलं आणि माझी पंचाईत झाली, कारण संत्री म्हणजे सरांचा जीव. दर हंगामात मला बाजारातून संत्री विकत घ्यावी लागत, चांगल्या मळक्या थैलीत भरावी लागत आणि 'घरची' म्हणून सरांना द्यावी लागत. सर एक फोड नाकाशी धरायचे, खायचे आणि विचारात पडायचे. "तुमच्या बागेतली संत्री दर साली येगळी लागते बाप्पा. माती बदलते का काय?" मी म्हणायचो, "खत बदललं सर." रहीमचाचा भट्टीपाशी बसून खोकल्यासारखं हसायचे.

मग सरांच्या डोक्यात जिन आलं. जिनमध्ये सगळेच खोकतात. रुईचे तंतू दिवसभर नाकातोंडात जातात, त्यामुळे तिथे खोकल्याला कोणी आजार समजत नाही. जिनचा खोकला म्हणून सोडून देतात. "यायच्यात खरा रोगी कोण, हे डॉक्टरले बी कयत नाही. नकटीले कयलं पायजे. हे तिची परीक्षा." एका सरकारी डॉक्टरांना त्यांनी पटवलं. डॉक्टर म्हणाले, वीस जणांचे श्वास तपासा. ज्यांच्या रेषा वेगळ्या येतील त्यांचे एक्स-रे मी फुकट काढून देतो आणि खरे निघाले तर तुमचं यंत्र जिनच्या फाटकावर ठेवू.

सरांनी अकोटच्या एका जिनच्या मुकादमाशी बोलून वीस नावं आणली. जिनच्या हजेरीपटावर बायांची आडनावं नसत, नुसती नावं. त्यात सतरावं नाव माझ्या आईचं होतं.

"मंगळवारी जाय तू," सर म्हणाले. "मले पाहून बाया बुजतीन. तू त्यायच्या पोरासारखा आहे."

मी वीस पिशव्या, वीस चिठ्ठ्या आणि सुतळी घेऊन बसमध्ये बसलो. परतवाडा गेलं, दोन्हीकडे संत्र्याच्या बागा गेल्या, मी खिडकीबाहेर पाहिलं नाही. माझ्या डोळ्यांसमोर एकच चित्र होतं. मी पँट-शर्ट घालून जिनमध्ये शिरतोय आणि एक बाई ओरडतेय, "ओ सुमनबाई, तुहा पोट्टा आला पाय!" मग मुकादम, मग मुकादमाकडून सर. मग संत्र्याचा बगीचा. मी अकोटच्या स्टँडवर उतरलो आणि जिनच्या रस्त्याला दोनदा लागून दोनदा परत आलो. जिनचं फाटक चालत दहा मिनिटांवर होतं. घर पंधरा मिनिटांवर.

शेवटी स्टँडच्या मागच्या भिंतीआड बसून मी वीसच्या वीस पिशव्या स्वतः फुगवल्या. एकेकीला चिठ्ठी बांधली. कमला, शेवंता, गणपत. आईच्या नावाची चिठ्ठी सगळ्यात शेवटी ठेवली होती. तोवर छाती भरून आली होती, घेरी येत होती. ती पिशवी नीट भरली नाही. मग स्टँडवर केळी खाल्ली आणि दुपारच्या बसने परत आलो. घरी गेलो नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी परीक्षा सुरू झाली. सरांनी त्या दिवशी दाढी केली होती. एक गोष्ट मला आजही छळते. त्यांनी एक पिशवी जरा उघडून हुंगली असती तर माझा श्वास आहे हे त्यांना त्याच क्षणी कळलं असतं. दोन वर्षं ते मला दारात हुंगत होते. पण त्यांनी नाकाला रुमाल बांधला होता. म्हणाले, "तिच्या आधी म्या वास घेतला तं ते कॉपी होईन."

पहिली रेष सरळ उतरली. दुसरी सरळ. पाचवीनंतर चाचांनी चहा आणला. दहावीनंतर सरांनी रुमाल काढला. वीस पट्ट्या टेबलावर शेजारी शेजारी मांडल्या आणि भिंतीवरची माझी एक पट्टी काढून त्यांच्या शेजारी ठेवली.

"हे तं सारे तुह्यासारखे ठणठणीत आहे बाप्पा," सर म्हणाले. "बारा वर्षं जिनमध्ये बसलेली बाई अन् तू. सारखेच?"

सरांनी चाचांना श्वास सोडायला लावला. चाचांची रेष वेगळी आली, त्यांच्या विडीसकट. म्हणजे नकटी शाबूत होती.

"पिशव्या तूच भरल्या ना? एकेकाच्या तोंडाले धरून?"

"हो सर."

सरांनी लगेच मान हलवली. मी खोटं बोलत असेन हा विचार त्यांच्या मनात तेवढा एक क्षण आला आणि गेला. "मंग पिशवीच," ते म्हणाले. "अकोट ते अमरावती येता येता रोगाचा वास पिशवीच पिऊन टाकते. उरते ते निरोगी. वॉर्डातून आणतो तवा वीस मिनिटांत आणतो, म्हणून कयलं नाही मले. नकटी बरोबर आहे. चूक माही आहे."

चाचांनी पट्ट्यांकडे पाहिलं, मग माझ्याकडे पाहिलं. कप उचलता उचलता एवढंच म्हणाले, "मियाँ, मशीन झूठ नहीं बोलती." मी बाहेर जाऊन नळावर तोंड धुतलं.

आणखी एका दिवसाने सर एकटेच अकोटला गेले. हे कळलं तेव्हा मी प्रयोगशाळेत बसलो होतो. दिवसभर मी काय बोलायचं ते ठरवत होतो. बगीचा नाही हे सांगायचं, आईचं सांगायचं, पाय धरायचे. संध्याकाळी सर आले. हातात घडी केलेली एक रिकामी पिशवी होती.

"तुह्यं नाव सांगून इचारलं बायायले," ते म्हणाले. "म्हणे, आल्ता पोट्टा, लय मायेनं श्वास घेऊन गेला. तारीफ करून राहिल्या तुही." मग पिशवीकडे पाहत म्हणाले, "एक ताजा श्वास मागतला होता जोडीले, आजच्या आज नकटीत सोडून पिशवी किती पेते ते पाहता आलं असतं. एक बाई नाही म्हणे. कामात होत्या. बाई नाही म्हटल्यावर काय बोलावं?"

मला काही कळेना. गरीब माणसं मोठ्या माणसाला 'हो जी' म्हणून मोकळी होतात, तसं झालं असेल, असं मी मनाशी म्हटलं. खरं सांगायचं तर मी फार विचार केला नाही. मी सुटलो होतो. त्या रात्री होस्टेलवर मी पोटभर जेवलो, हेही लिहून टाकतो.

सरांनी डॉक्टरांना दोन ओळींची चिठ्ठी पाठवली. परीक्षा झाली, यंत्र नापास. डॉक्टर भला माणूस होता. म्हणाला, पुन्हा एकदा करू. सरांनी मान्य केलं नाही. ग्रेस मार्क कोणाला नाहीत म्हणजे स्वतःलाही नाहीत. आधी पिशवी सापडली पाहिजे, मग नवी परीक्षा. एक्स-रे कोणाचेच निघाले नाहीत.

मग सरांच्या निवृत्तीपर्यंतची ती सहा वर्षं. पहिल्या वर्षातच मला अकोल्याच्या एका कॉलेजात नोकरी लागली. अधूनमधून अमरावतीला गेलो की सर नवीन पिशवी दाखवत. एकदा बकऱ्याचा फुगा, म्हणजे मूत्राशय, आणला होता, एकदा काचेची बरणी मेणाने बंद केलेली. "हे काही हवा पीत नाही पाय," म्हणत आणि आठ दिवसांनी, "पेते रे." कशी पिणार नाही? जे मुळात झालंच नव्हतं, त्याचं कारण ते शोधत होते. नकटीवर कापड टाकलेलं असे. मी कापडाकडे न पाहता बोलायला शिकलो.

जिनच्या त्या मंगळवारनंतर दीड वर्षाने आईच्या खोकल्यातून रक्त पडलं. तोवर सगळे जिनचा खोकला म्हणत होते, मीही. एक्स-रे काढला तेव्हा डॉक्टरांनी तो माझ्यासमोर दिव्यावर धरला आणि विचारलं, "इतके दिवस काय करत होता?" आई औषधांनी बरी झाली. डावं फुप्फुस मात्र अर्धं गेलं. ती आता अकोल्याला माझ्याजवळ असते आणि जिन्याच्या दर चौथ्या पायरीवर थांबते.

नकटी चालली असती का, हे मला आजही माहीत नाही. कदाचित वीसपैकी एकही रोगी तिला ओळखता आला नसता. सरांना ते चाललं असतं. नापास झालेल्याला नापास म्हणायला ते कधी डरले नाहीत. पण परीक्षा झालीच नाही आणि त्यांना ती झाली असं वाटत राहिलं.

एकदा मी सांगायला गेलो होतो. सर निवृत्त झाले होते. जाताना बाजारातून दोन डझन संत्री घेतली, पण या वेळी ठरवलं होतं की विकतची म्हणूनच द्यायची, तिथूनच सुरुवात करायची. सर ओट्यावर बसले होते. मला पाहून त्यांना फार आनंद झाला. त्यांनी संत्रं सोललं, सवयीने नाकाशी धरलं आणि थोडा वेळ तसंच धरून ठेवलं.

"काही येत नाही आता," ते म्हणाले. "दोन सालं झाले. एका सर्दीत गेलं नाक." मग फोड तोंडात टाकून हसले. "तुह्या बागेतलीच आहे ना?"

मी म्हणालो, "हो सर."

यंदा सर गेले. अकोल्याच्या पेपरात आतल्या पानावर चौकटीत फोटो आला होता. आई दुपारची ओट्यावर वाती वळत बसली होती. इतकी वर्षं झाली तरी कापूस हातात आला की ती आधी त्यातला कचरा वेचते. मी पेपर तिच्याजवळ ठेवला तर फोटोकडे पाहून म्हणाली,

"हा तं तोच मास्तर."

"कोण मास्तर? तू कुठे पाहिलं?"

"जिनमध्ये आल्ता ना एक खेप. नकटा." तिने वात बाजूला ठेवली. "बायायले इचारे, मंगयवारी पोट्टा आल्ता का म्हणे, पिशव्या घेऊन. समद्या एकमेकीच्या तोंडाकडे पाहे. कोणी आलं असन तं सांगतीन! मंग त्यानं तुह्यं नाव घेतलं."

मी तिच्याजवळ ओट्यावर बसलो.

"म्या म्हटलं, आल्ता जी. समद्यायचा श्वास घेऊन गेला, लय गुणाचा पोट्टा आहे. बाकीच्यायले डोया मारला, त्यायनं बी माना हालवल्या." आई थोडी थांबली, दम घेतला. "शेवंतानं पायलं होतं तुले त्या दिसी. तुहा पोट्टा स्टँडच्या मांगं पिशव्या फुगवून राहिला म्हणे. मले वाटलं, काम झालं का घरी येशीन. दोन भाकरी जास्तीच्या टाकल्या होत्या."

"मग तू मला कधी बोलली का नाहीस?"

"काय बोलू? तुले लाज वाटली असन. जिन काही पाहुण्याले दाखवाची जागा आहे का?" हे तिने अगदी सहज म्हटलं, माझी बाजू घेतल्यासारखं.

"त्यानं पिशवी आणली होती एक," आई पुढे म्हणाली. "मलेच म्हणे, बाई, अजून एक श्वास देता का? लय हात जोडून मागतला बिचाऱ्यानं. द्यावासा वाटला होता मले. पण म्या म्हटलं, माहा श्वास येगळा निघाला तं? तू खोटा पडशीन. म्हणून नाही म्हटलं."

तिने पुन्हा कापूस हातात घेतला आणि त्यातला कचरा काढू लागली. मला एकच विचारायचं होतं.

"आई, तेव्हा खोकला होता तुला?"

"होता ना," ती म्हणाली. "रोज संध्याकायी तापही ये."